लावलेली झाडे आणि उभी जंगले : तापमानवाढीच्या हिशेबात फरक काय?

जुलैचा पहिला आठवडा उजाडला, की राज्यभर खड्डे खोदण्याची लगबग सुरू होते. शाळा, सरकारी कार्यालये, गृहनिर्माण संस्था, कंपन्यांचे कर्मचारी असे सारेच रोपे हाती घेऊन बाहेर पडतात. तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या वनमहोत्सवाने आता पंचाहत्तरी गाठली आहे. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची चढती उद्दिष्टे ठरविण्यात आली होती. पुढे यांपैकी किती रोपे जगली, असा प्रश्न विधिमंडळात उपस्थित झाला आणि २०२१ मध्ये त्याच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्यात आली.

रोपे लावणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र, जागतिक तापमानवाढीच्या संदर्भात या साऱ्या उत्साहामागे एक गृहीतक दडलेले असते. ते म्हणजे, एकीकडे जंगल गेले तरी दुसरीकडे तेवढी झाडे लावली, की हिशेब जुळतो. हे गृहीतक केवळ सामान्य माणसाचेच नाही. देशाचा वनविषयक कायदा, विकास प्रकल्पांना मिळणाऱ्या परवानग्या आणि आंतरराष्ट्रीय करार या सर्वांमध्ये ते कमी-अधिक प्रमाणात डोकावते. विज्ञान मात्र या बाबतीत निराळे काही सांगते. ते समजून घ्यायचे, तर वने हवामानासाठी नेमके काय करतात, येथूनच सुरुवात करावी लागेल.

हवेतील कार्बनचा ताळेबंद

अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर हवेतील कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण २८० च्या आसपास होते. जागतिक हवामान संघटनेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगाची सरासरी जवळजवळ ४२४ भागांवर पोहोचली.

कीलिंग यांचा आलेख वर चढत जाणारा असला, तरी तो सरळ रेषेत चढत नाही. दरवर्षी मे महिन्यात तो शिखर गाठतो, नंतर सप्टेंबरअखेरपर्यंत खाली येतो आणि पुन्हा वर चढू लागतो. करवतीच्या दात्यांसारख्या दिसणाऱ्या या चढउतारामागे मुख्यत्वे उत्तर गोलार्धातील वनस्पती आहेत. वसंत आणि उन्हाळ्यात पाने फुटतात, प्रकाशसंश्लेषण जोमाने होते आणि हवेतील कार्बन पानांत, फांद्यांत, मुळांत बांधला जातो. हिवाळ्यात पाने गळून कुजतात आणि त्यातील बराच कार्बन पुन्हा हवेत जातो. साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात उमटावा, एवढा या श्वासोच्छ्वासाचा आवाका मोठा आहे.

हा व्यवहार पूर्णपणे बरोबरीत सुटत नाही. वाढणारे जंगल जेवढा कार्बन परत सोडते, त्याहून थोडा अधिक स्वतःकडे ठेवते. मानवी व्यवहारांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ निम्माच हवेत साठून राहतो. उरलेला समुद्र आणि जमिनीवरील वनस्पती व माती शोषून घेतात. हे शोषण झाले नसते, तर आज अनुभवाला येणारी तापमानवाढ कितीतरी अधिक असती.

‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात १९९० पासूनच्या तीन दशकांचा जागतिक वनहिशेब मांडण्यात आला. त्यानुसार जगातील वनांनी दरवर्षी सुमारे साडेतीन अब्ज टन कार्बन शोषला आणि तिन्ही दशकांत हा आकडा जवळपास स्थिर राहिला. तथापि, याच अभ्यासानुसार उष्ण कटिबंधातील जंगलतोडीने या लाभापैकी सुमारे दोनतृतीयांश भाग पुसून टाकला. म्हणजे वने एका हाताने जे कमावत होती, त्यातील बहुतांश माणसाची कुऱ्हाड दुसऱ्या बाजूने घालवीत होती.

एका हेक्टराचा हिशेब

झाडाच्या वाळलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मा कार्बन असतो. एक टन कार्बन जळाला वा कुजला, की हवेत सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड जातो. त्यामुळे जंगलाकडे कार्बनची तिजोरी म्हणून पाहता येते. ही तिजोरी किती भरलेली आहे, याचा अंदाज डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था दर दोन वर्षांनी देत असते. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २०२३ च्या अहवालानुसार भारतातील वनांत सुमारे ७२८ कोटी टन कार्बन साठलेला आहे. देशाचे वनाच्छादन ७ लाख १५ हजार ३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे सव्वासात कोटी हेक्टर आहे. साधा भागाकार केला, तर सरासरी एका हेक्टरामागे शंभर टनांच्या आसपास कार्बन येतो.

यातील सर्वांत मोठा वाटा खोडांत नाही. निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे. पालापाचोळा, मेलेली मुळे, बुरशी, वाळवी, गांडुळे आणि असंख्य सूक्ष्मजीव यांच्या शेकडो वर्षांच्या कामातून तो तेथे जमलेला असतो. जंगल तोडून जमीन उघडी पडली, की ऊन आणि पावसाच्या माऱ्याने या मातीची धूप होते. सेंद्रिय द्रव्य झपाट्याने कुजते आणि हा साठाही हळूहळू हवेत जाऊ लागतो. तोडलेल्या लाकडाचा हिशेब कागदावर येतो. मातीतून निसटलेला कार्बन सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

आता शेजारच्या हेक्टरावर हजारभर रोपे लावली, असे समजू. पहिल्या काही वर्षांत या रोपांच्या अंगी असलेला कार्बन जुन्या जंगलातील साठ्याच्या तुलनेत नगण्य असतो. रोपे जगली, वाढली, त्यांना वणव्याने व गुरांनी सोडले, तर काही दशकांनी खोडांतील साठा भरू शकेल. मातीतील साठा भरून येण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो. तोडीच्या वेळी मात्र बराचसा कार्बन अल्पावधीतच बाहेर पडतो. तापमानवाढ रोखण्यासाठी जगाच्या हाती असलेली मुदत दोन-तीन दशकांची आहे. लावलेले झाड उभ्या जंगलाची जागा भरून काढील, हे म्हणणे तत्त्वतः खरे असले, तरी ते या मुदतीत बसत नाही.

शोषणारे जंगल सोडू लागते तेव्हा

यात आणखी एक अडचण आहे. वने हवामानाला सावरतात. पण बदललेले हवामान वनांनाच दुबळे करू लागले आहे. कडक उन्हात व कोरड्या हवेत झाडे पाणी वाचविण्यासाठी पानांवरील सूक्ष्म छिद्रे, म्हणजेच पर्णरंध्रे मिटून घेतात. पर्णरंध्रे मिटली, की कार्बन डायऑक्साइड आत घेण्याची वाटही बंद होते. दुसरीकडे, वाढत्या उष्णतेत श्वसन आणि कुजण्याची क्रिया वेग घेते. आवक घटते आणि जावक वाढते. लागोपाठ दुष्काळ पडले, तर मोठी झाडे वाळतात आणि वणव्याला इंधन मिळते.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात याचे प्रत्यंतर आले आहे. ब्राझीलच्या शास्त्रज्ञ लुसियाना गात्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात विमानांतून हवेचे नमुने घेऊन तेथील कार्बनची आवक-जावक मोजली. जंगलतोड आणि कोरड्या ऋतूतील उष्णता यांचा सर्वाधिक मारा सोसणारा ॲमेझॉनचा आग्नेय भाग आता शोषतो त्याहून अधिक कार्बन सोडतो, असा निष्कर्ष त्यांनी २०२१ मध्ये मांडला. थंड प्रदेशातील वनेही सुटलेली नाहीत. कॅनडात २०२३ च्या उन्हाळ्यात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. त्यातून केवळ पाच महिन्यांत ६४ कोटी टनांच्या आसपास कार्बन हवेत गेला. त्या वर्षी खनिज इंधनातून याहून अधिक कार्बन सोडणारे देश तीनच होते : चीन, अमेरिका आणि भारत.

२०२४ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणात झालेली वाढ ही १९५७ पासूनच्या नोंदींतील सर्वांत मोठी वार्षिक वाढ ठरली. जागतिक हवामान संघटनेने त्यामागे मानवी उत्सर्जनाबरोबरच वणवे आणि जमीन व समुद्र यांची घटलेली शोषणक्षमता ही कारणे दिली आहेत. ‘एल निनो’च्या वर्षांत अशी घट पूर्वीही दिसली आहे, पण ती पुनःपुन्हा होऊ लागली, तर आजवर निसर्गाने दिलेली सवलत गृहीत धरता येणार नाही. म्हणूनच ‘झाडे लावू आणि कोळसा जाळत राहू’ हा सौदा धोक्याचा आहे. भूगर्भातील कोळसा जाळल्याशिवाय हवेत येत नाही. झाडात साठलेला कार्बन मात्र एका वणव्यात सुटू शकतो.

पाऊस, पाणी आणि गारवा

वनांचे काम कार्बनपुरते मर्यादित मानले, तर त्यांची निम्मीच ओळख होते. झाड मुळांवाटे जमिनीतील पाणी ओढून घेते आणि पानांवाटे त्याची वाफ हवेत सोडते. या बाष्पोत्सर्जनात भोवतालची उष्णता खर्च होते आणि परिसर थंड राहतो. घामाने शरीर थंड होते, तसाच हा प्रकार. उन्हाळ्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावरून दाट झाडीत शिरताना जाणवणारा फरक केवळ सावलीचा नसतो.

हवेत गेलेले हे बाष्प वाऱ्याबरोबर दूर जाते आणि पाऊस होऊन पडते. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम घाटातील वनराईच्या या कामाचा शोध घेतला होता. घाटाच्या पूर्वेला असलेल्या तमिळनाडूला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस कमी मिळतो. त्या तुटपुंज्या पावसात पश्चिम घाटातील वनस्पतींनी सोडलेल्या बाष्पाचा वाटा लक्षणीय असतो आणि मोसमी पाऊस कमी पडणाऱ्या वर्षांत त्याचे महत्त्व आणखी वाढते, असे त्यातून दिसून आले. घाटातील झाडे तोडण्याचा निर्णय एका राज्यात होतो आणि त्याचा परिणाम दुसऱ्या राज्याच्या शेतावर होऊ शकतो, हा त्याचा अर्थ.

पडणारा पाऊस मुरविण्याचे कामही जंगलाची माती करते. पालापाचोळ्याचा थर थेंबांचा मारा झेलतो, मुळांनी भुसभुशीत केलेल्या जमिनीत पाणी उतरते आणि नंतर झऱ्यांवाटे महिनोन्महिने बाहेर येत राहते. तापमानवाढीमुळे पाऊस थोड्या दिवसांत अधिक जोराने पडू लागला आहे. अशा वेळी पाणी रोखून धरणारी जमीन ही पूर आणि टंचाई या दोहोंवरची तजवीज ठरते. एका ओळीत लावलेल्या एकाच जातीच्या झाडांखाली, जेथे जमीन उघडी व टणक असते, तेथे हे काम तितकेसे होत नाही.

मोजणीतील वन

वन कशाला म्हणायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण सारा हिशेब त्यावरच उभा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांचे छत्र दहा टक्के वा अधिक आहे, ती जमीन वनाच्छादनात मोडते. जमिनीची मालकी कोणाची, कायद्याने ती वन आहे की नाही, झाडे कोणत्या जातीची, हे त्यात पाहिले जात नाही. उपग्रहाच्या नजरेला दाट सदाहरित रानही वन दिसते आणि कोकणातील आंबा-काजूची बागही वनच दिसते.

या पद्धतीने २०२३ च्या अहवालात देशातील वन व वृक्षाच्छादन मिळून २५.१७ टक्के भरले. त्यात वनाच्छादन २१.७६ टक्के आणि वनांबाहेरील झाडांचे आच्छादन ३.४१ टक्के आहे. महाराष्ट्रात वनाच्छादन सुमारे साडेसोळा टक्के असून, त्याचा सर्वांत मोठा तुकडा एकट्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. राष्ट्रीय वननीतीने १९८८ मध्ये ठेवलेले उद्दिष्ट एकतृतीयांश भूभागाचे होते.

एकूण आकडा स्थिर वा वाढता दिसत असताना आत काय अदलाबदल होत आहे, हे त्यावरून कळत नाही. कोकणातील खासगी मालकीचे जुने रान तुटले आणि काही वर्षांनी तेथे काजू उभा राहिला, तर तक्त्यातील वनाच्छादन फारसे हलणार नाही. रानातील जुने वृक्ष, वेली, मातीतील कार्बन, धनेशासारख्या पक्ष्यांच्या ढोल्या मात्र गेलेल्या असतील. काजूची बाग शेतकऱ्याला उत्पन्न देते, ती कार्बनही साठवते आणि ती असू नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात मोजण्याचा आहे.

या रकान्याला आता आंतरराष्ट्रीय वजनही आले आहे. पॅरिस कराराखाली भारताने २०३० पर्यंत वने व झाडांच्या साहाय्याने अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडएवढा अतिरिक्त साठा निर्माण करण्याचे वचन दिले होते. २०२३ च्या अहवालानुसार २००५ च्या तुलनेत यांपैकी २.२९ अब्ज टनांची मजल गाठली गेली आहे. उद्दिष्ट आवाक्यात आहे, ही समाधानाची बाब होय. हा साठा किती टिकाऊ आहे, हे मात्र तो जुन्या जंगलात आहे, बागेत आहे की दहा वर्षांनी तोडल्या जाणाऱ्या निलगिरीत आहे, यावर ठरेल.

भरपाईचे वनीकरण

उभे जंगल आणि लावलेली झाडे यांचा अदलाबदलीचा दर कायद्याने ठरविला, तो पर्यायी वनीकरणाच्या तरतुदीत. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली खाण, धरण, रस्ता अशा कामांसाठी वनजमीन वळविताना त्या बदल्यात साधारणपणे तेवढ्याच वनेतर जमिनीवर किंवा दुप्पट अवनत वनजमिनीवर झाडे लावावी लागतात. प्रकल्पाने त्यासाठी पैसे भरायचे असतात. हा निधी कसा वापरायचा, याचा स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये संमत झाला. जंगल फुकट मिळत नाही, हे या तरतुदींनी प्रस्थापित केले आणि तो त्यांचा लाभ निःसंशय आहे.

तथापि, अदलाबदल किती विजोड होऊ शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ग्रेट निकोबार. बंदर, विमानतळ आणि नगर वसविण्याच्या तेथील प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळविण्यास २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी देण्यात आली. तेथे ९ लाख ६४ हजार झाडे बाधित होतील, असा सरकारी अंदाज आहे. बदल्यातील वनीकरणासाठी पुढे आले हरियाणा. विषुववृत्ताजवळच्या बेटावरील सदाहरित वर्षावन आणि उत्तर भारतातील कोरड्या हवेतील लागवड यांच्यात हेक्टरांची बरोबरी साधता येते. पाऊस, माती, जीवजाती आणि साठलेला कार्बन यांची बरोबरी साधता येत नाही.

वन म्हणजे काय, हा वाद न्यायालयातही गेला. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरावा, असा आदेश दिला आणि सरकारदफ्तरी वन म्हणून नोंद नसलेल्या रानालाही संरक्षण मिळाले. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन या संरक्षणाची व्याप्ती आक्रसली. तिला आव्हान देण्यात आल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे १९९६ चाच अर्थ पाळण्यास सांगितले.

लागवडीच्या मोजमापाबाबतही विचार बदलत असल्याच्या खुणा आहेत. केंद्र सरकारच्या ‘ग्रीन क्रेडिट’ योजनेत २०२४ साली हेक्टरी किमान १,१०० झाडांचा निकष होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत पाच वर्षांनंतर किती झाडे जगली आणि छत्र किमान चाळीस टक्के झाले का, याला महत्त्व देण्यात आले. लावलेल्या रोपांऐवजी जगलेली झाडे मोजण्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल आहे.

चुकीच्या जागी झाड

प्रत्येक उघडी जमीन झाडाची वाट पाहत असते, हा आणखी एक रूढ समज. दख्खनच्या पर्जन्यछायेतील माळराने पाहून अनेकांना तेथे काही नाही, असे वाटते. सरकारी दप्तरांतही अशा जमिनींची नोंद बहुधा पडीक म्हणून होत आली. प्रत्यक्षात ही माळराने स्वतंत्र परिसंस्था आहेत. सोलापूरजवळील नान्नजचे माळढोक अभयारण्य, त्याभोवतीच्या माळांवरील काळवीट, लांडगे, खोकड आणि या गवतावर मेंढरे चारणारे धनगर यांचे जीवन या गवतावरच बेतलेले आहे. अशा ठिकाणी खड्डे घेऊन गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे दाटीने लावली, की गवत मरते, चराई जाते आणि माळावरील पक्ष्यांना आसरा उरत नाही.

कार्बनच्या दृष्टीनेही यात मोठा लाभ नाही. गवताळ प्रदेशातील कार्बनचा बहुतांश साठा जमिनीखाली, मुळांत व मातीत असतो. वरून आग गेली तरी तो बऱ्याच अंशी सुरक्षित राहतो. कमी पावसाच्या मुलखात उभी केलेली दाट लागवड मात्र दुष्काळात वाळते वा वणव्यात जाते. झाड लावण्यापूर्वी त्या जागी आज काय आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

बारीपाड्याचा धडा

मग तुटलेले जंगल परत आणायचे कसे? याचे एक उत्तर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने देऊन ठेवले आहे. भोवतालचे डोंगर बोडके झाल्याने नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी येथे पाण्याची आणि सरपणाचीही टंचाई होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी नियम केले : कुऱ्हाडबंदी, चराईवर बंधने, मोडणाऱ्याला दंड आणि राखणीसाठी पाळ्या. लागवडीपेक्षा राखणीवर भर राहिला. जमिनीत दबलेल्या जुन्या खोडक्यांना आणि मुळांना धुमारे फुटले, पक्ष्यांनी बिया आणल्या आणि चारशे हेक्टरांहून अधिक डोंगर पुन्हा झाडीने भरला. विहिरींना पाणी आले. पावसाळ्यात रानातून मिळणाऱ्या भाज्यांची पाककला स्पर्धा २००४ पासून तेथे भरविली जाते. या कामासाठी पवार यांना २०२५ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

शास्त्रीय भाषेत याला नैसर्गिक पुनरुत्पत्ती म्हणतात. वर उल्लेखिलेल्या ‘नेचर’मधील अभ्यासातही उष्ण कटिबंधातील अशा पुन्हा उगवलेल्या वनांनी शोषलेल्या कार्बनमध्ये वाढ नोंदली गेली आहे. स्थानिक झाडे स्वतःच उगवलेली असल्याने ती तेथील पावसाला सरावलेली असतात, खर्च कमी येतो आणि माती उकरावी लागत नाही. यासाठी लागणारी गोष्ट एकच : राखण.

राखण कोण करणार, हा प्रश्न अखेर हक्कांपाशी येऊन ठेपतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क देण्याची सोय केली. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. देशातील पहिल्या अशा गावांत त्याची गणना होते. २०११ मध्ये तेथील ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला आणि बांबूच्या विक्रीचे उत्पन्न गावाच्या हाती आले. ज्या रानावर पोट आणि हक्क दोन्ही अवलंबून आहेत, तेथे वणवा दिसताच धावून जाणारी माणसे असतात. मध्य भारतातील पानगळीच्या वनांत उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी बव्हंशी माणसाकडून, बऱ्याचदा मोहफुले वेचण्यासाठी किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावल्या जातात. जाळरेषा काढणे आणि आगीवर लक्ष ठेवणे ही कामे गावाच्या सहभागाशिवाय केवळ वनरक्षकांच्या बळावर होणे कठीण आहे.

शहराच्या दारातील वन

हे सारे दूरच्या डोंगरदऱ्यांपुरते आहे, असे शहरवासीयांना वाटणे स्वाभाविक आहे. मुंबईत मात्र सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान महानगराच्या मधोमध उभे आहे. मुंबईला पाणी देणारे विहार व तुळशी हे एकोणिसाव्या शतकातील तलाव या वनाच्या कुशीत आहेत. येथील डोंगरउतारांवर मुरणारा प्रत्येक थेंब खालच्या वस्त्यांकडे उशिराने आणि कमी वेगाने जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या विलंबाचे मोल शहराला कळले.

खाड्यांच्या काठावरील कांदळवनाची बाब तर अधिकच लक्षणीय आहे. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलात प्राणवायू फारच कमी असतो. त्यामुळे पडलेली पाने आणि मुळे लवकर कुजत नाहीत आणि कार्बन दीर्घकाळ तेथेच गाडला जातो. म्हणूनच हेक्टरी साठ्याच्या तुलनेत कांदळवने जमिनीवरील बहुतेक वनांच्या पुढे आहेत. शिवाय लाटांचा आणि भरतीचा जोर ती झेलतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने त्यांच्या नाशाला मनाई केली. राज्याच्या वनविभागाने २०१२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. सार्वजनिक कामासाठी तोड आवश्यक असल्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि तेथेही बदल्यात लागवडीची अट येतेच. भराव टाकल्यावर चिखलात गाडलेल्या जुन्या कार्बनचे काय होणार, हा प्रश्न अशा वेळी विचारला गेला पाहिजे.

शहरातील वृक्षलागवड यामुळे व्यर्थ ठरते, असे मुळीच नाही. रस्त्याकडेचे वड, पिंपळ, करंज भर दुपारी सावली देतात, धूळ अडवतात आणि भोवतालचा उष्मा कमी करतात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने लहान भूखंडांवर केलेली दाट लागवडही शहराला हिरवा दिलासा देते. या कामाचे मोल शहराच्या आरोग्यात आहे. तोडलेल्या जंगलाची पावती म्हणून ते दाखविले जाऊ लागले, की गफलत होते.

जगाच्या पातळीवरही हा फरक उशिराच उमगला. १९९७ च्या क्योटो कराराखालील स्वच्छ विकास यंत्रणेत विकसनशील देशांना नवी लागवड केल्याबद्दल श्रेय मिळत असे. उभे जंगल तोडण्यापासून वाचविल्याबद्दल मिळत नसे. ही उणीव भरून काढण्याची चर्चा २००७ च्या बाली परिषदेपासून गांभीर्याने सुरू झाली. ब्राझीलने नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेम येथे उष्ण कटिबंधातील वने उभी ठेवणाऱ्या देशांना मोबदला देणारा निधी सुरू केला, तो याच विचाराचा पुढचा टप्पा होय.

येत्या जुलैत पुन्हा रोपे लावली जातील आणि ती लावावीतच. त्या वेळी आयोजकांना तीन साधे प्रश्न विचारता येतील. रोप लावण्यापूर्वी त्या जागी काय होते? तीन उन्हाळे त्याला पाणी कोण घालणार? आणि गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी आज किती उभी आहेत? हेच प्रश्न एखाद्या प्रकल्पाच्या परवानगीत ‘बदल्यात इतकी झाडे लावू’ असे वाक्य दिसेल, तेव्हा संबंधित यंत्रणेलाही विचारण्याची वेळ आली आहे.